एका माणसाच्या मापाचं

बर्नआऊट म्हटलं की लोकांना दमलेला माणूस आठवतो. दमलो तर मी होतोच, पण दमणं मला काही नवीन नव्हतं. मी हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करतो, म्हणजे औषध डॉक्टर लिहून देतात आणि त्या औषधाचे पैसे कुठून उभे करायचे, पेशंटला घरी नेल्यावर बघणार कोण, कमावता माणूसच आडवा झाला तर घर कसं चालायचं, हे सगळं आमच्या टेबलावर येतं. अशा कामात दमायला होतंच आणि एक रात्र नीट झोप मिळाली की माणूस परत उभा राहतो. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. समोर बसलेली बाई रडत होती आणि मला काहीच होत नव्हतं. वाईट वाटत नव्हतं, राग येत नव्हता, कंटाळाही नाही, फक्त तिच्या हातातला अर्धवट भरलेला फॉर्म दिसत होता. रात्री घरी तिचा चेहरा आठवायला गेलो तर आठवेना. बेड नंबर आठवला. यातून मी बाहेर आलो त्यात विणकामाचा मोठा वाटा आहे, त्याचीच ही गोष्ट.

हे एका दिवसात होत नाही. आधी आपण घरी आल्यावर कमी बोलतो, मग मित्रांचे फोन उचलणं बंद होतं, मग रविवारी दुपारपासूनच सोमवारचं ओझं छातीवर बसायला लागतं, आणि मग कधीतरी माणसं दिसायचीच बंद होतात, नुसत्या केसेस दिसतात. या प्रकाराबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिणाऱ्यांपैकी एक म्हणजे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ, १९७४ साली, आणि त्यांनी हे बघितलं ते कुठल्या बड्या कंपनीत वगैरे नाही, न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात, तिथे मनापासून राबणाऱ्या लोकांमध्ये. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. ज्यांना आपल्या कामाची पर्वा असते त्यांचंच हे होतं, असं कुणीतरी इतक्या वर्षांपूर्वी बघून ठेवलेलं होतं. नंतर क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआऊट मोजायची प्रश्नावली केली, त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात: आतून पूर्ण रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न बघता येणं, आणि आपल्या हातून काही होतंय यावरचा विश्वास उडणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व्याख्या दिली तीही साधारण याच तीन खांबांवर उभी आहे, आणि त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न सांभाळल्या गेलेल्या ताणातून होणारी गोष्ट आहे.

आपण सगळे बोलतो ते पहिल्या खांबाबद्दल. झोप घे, सुट्टी घे, फिरून ये. मी सुट्टी घेतली. त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घेतलं, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण सततच्या थकव्यामागे थायरॉइड असू शकतं, रक्त कमी असू शकतं, बी-१२ कमी असू शकतं, आणि डिप्रेशन असेल तर त्याला वेगळे उपचार लागतात, तिथे सुया-लोकर घेऊन बसून भागत नाही. समुपदेशनही सुरू केलं. झोप सुधारली. अंगातली शिसं भरल्यासारखी जडता कमी झाली. पण दुसरा आणि तिसरा खांब जिथल्या तिथे. दिवसभर घरात बसायचो, मोबाईलचा स्क्रीन वर सरकवत राहायचो, आणि संध्याकाळी कुणी विचारलं की आज काय केलंस तर सांगण्यासारखं काही नसायचं. विश्रांतीने शक्ती परत आली खरी, पण ती शक्ती कशाला लावायची हे ती सांगत नाही.

विणकाम माझ्या आयुष्यात आलं ते शेजारच्या काकूंमुळे, आणि तेही मी शिकायला गेलो म्हणून नाही. त्यांना लोकरीची लडी सोडवून गुंडा करायचा होता आणि लडी धरायला कुणीतरी पाहिजे होतं. "अरे, नुसता बसूनच असतोस ना, मग बस की माझ्यासमोर. हात पुढे कर." मी हात पुढे केले, त्यांनी लडी दोन्ही मनगटांवर चढवली आणि गुंडाळायला लागल्या. धागा एकदा डाव्या हातावरून सुटतो, मग उजव्या, मग डाव्या, आणि आपण हात जरासे कलते करत राहायचं म्हणजे तो अडकत नाही. एवढंच काम. पण त्या कामात मोबाईल हातात घेता येत नव्हता, बोलायची सक्ती नव्हती, आणि लडी संपत चाललेली दिसत होती. लडी संपली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. कित्येक महिन्यांत मला कशाचंच वाईट वाटलं नव्हतं, त्यामुळे ते लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, दोन जाड सुया आणि जाड लोकर हातात दिली. सुईवर टाके त्यांनीच घालून दिले आणि सुलट टाका दाखवला: उजवी सुई डावीवरच्या पहिल्या टाक्यात समोरून घालायची, तिच्या टोकावरून धागा फिरवायचा, ते टोक धाग्यासकट टाक्यातून अलगद बाहेर ओढायचं, आणि जुना टाका डाव्या सुईवरून खाली सोडायचा. चार हालचाली. सगळ्या ओळी सुलटच विणल्या तरी दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, जाडसर, लवचिक कापड तयार होतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. उलट टाका नंतर शिकलो. एवढे दोनच टाके आहेत मुळात, सुलट आणि उलट. आणि उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच मागची बाजू. जगातले सगळे स्वेटर, मोजे, वेण्यांच्या नक्ष्या, जाळ्या, सगळं या दोनांतून आणि टाके वाढवण्या-कमी करण्यातून, त्यांच्या जागा बदलण्यातून निघतं, हे मला अजूनही थक्क करतं.

माझे टाके इतके घट्ट होते की सुई आत शिरायची नाही. काकू बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "जरा सैल सोड की. कुणी पळवून नेतंय का?" मी म्हटलं, "काकू, सैल सोडलं की टाका सुईवरून सुटेल असं वाटतं." "सुटला तर सुटला. उचलता येतो." आणि त्यांनी मुद्दाम मधला एक टाका सुईवरून सोडला. मी श्वास धरून बघत होतो. टाका एक घर खाली गेला, मग अजून एक, मधे शिडीसारखे आडवे धागे राहिले. काकूंनी क्रोशाची सुई घेतली, खालच्या मोकळ्या टाक्यात घातली, शिडीचा पहिला आडवा धागा पकडून टाक्यातून ओढून घेतला, मग दुसरा, मग तिसरा, असं करत वरपर्यंत आल्या आणि टाका परत सुईवर चढवला. कापडावर खूण सुद्धा राहिली नाही. मग तोच टाका परत सोडला आणि क्रोशाची सुई माझ्या हातात दिली.

माझ्या कामात सुटलेलं असं परत उचलता येत नाही. एखाद्या कुटुंबाला मदत वेळेत मिळाली नाही तर नाही मिळाली. तिथे वर्षानुवर्षं राहिल्यावर मनाची अशी समजूतच होऊन बसते की प्रत्येक गोष्ट एकदाच होते आणि ती चुकवायची नाही, म्हणून सगळं आवळून धरायचं. विणलेलं अख्खं उसवलं तरी लोकर तेवढीच्या तेवढी शिल्लक राहते, धागा थोडा कुरळा होतो इतकंच, धुवून वाळवला की सरळ होतो. हे मी हातांनी शिकलो. समुपदेशकांनी हेच मला शब्दांत सांगितलं होतं, तेव्हा मी मान डोलावली होती, पण ते आत काही गेलं नव्हतं.

मग अर्थातच वाचायला लागलो, कारण असं का होतंय हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. हर्बर्ट बेन्सन नावाच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात शरीराच्या शांत होण्याच्या प्रतिसादाचा अभ्यास केला, त्यात दोन गोष्टी पुरेशा असतात असं ते म्हणायचे: एखादा शब्द, प्रार्थना किंवा हालचाल परत परत करत राहणं, आणि मनात दुसरे विचार आले की त्यांच्याशी न भांडता परत त्या हालचालीकडे येणं. विणताना हे आपोआप होतं, प्रयत्न करावा लागत नाही, ओळीचा हिशोब चुकला की मन कुठे गेलं होतं ते लगेच कळतं आणि आपण परत टाके मोजायला लागतो. ध्यानाला डोळे मिटून बसलो की मला कामाचेच चेहरे नसलेले बेड दिसायचे. इथे डोळे उघडे असतात आणि समोर टाका असतो. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या एका जर्नलमध्ये एक आंतरराष्ट्रीय सर्व्हे छापून आला होता, विणकाम करणाऱ्या ३,५४५ लोकांचा, त्यात जितकं जास्त वेळा विणणं तितकं शांत आणि आनंदी वाटणं असा संबंध दिसला. हे वाचून उड्या मारायची गरज नाही, कारण उत्तरं देणारे मुळात विणकामाची आवड असलेलेच होते आणि सर्व्हेमधून कशामुळे काय झालं हे सिद्ध होत नाही, पण इतकी माणसं एकसारखं काही सांगतायत तर मी ते ऐकून घेतो. आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी, हा व्यवसायच मुळात याच कल्पनेवर उभा राहिला की हाताला अर्थपूर्ण काम मिळालं तर माणूस बरा व्हायला मदत होते. अमेरिकेत त्यांची पहिली राष्ट्रीय संस्था १९१७ साली निघाली आणि पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांना विणायला, टोपल्या करायला, लाकूडकाम करायला शिकवलं जायचं. मी ओटी विभागाच्या शेजारी इतकी वर्षं बसलो आणि हे मला माहीत नव्हतं.

पण शांत वाटणं हा त्यातला अर्धाच भाग आहे. नुसतं शांत तर औषधानेही वाटतं. मला जे परत पाहिजे होतं ते म्हणजे आपण काहीतरी करतो आणि ते होतं, ही साधी खात्री. माझ्या रोजच्या कामात दिवसाच्या शेवटी हाताला लागेल असं काही उरत नाही, सकाळी जेवढी माणसं रांगेत होती तेवढीच उद्या असणार. विणताना एक ओळ झाली की ती होते. कुणी रात्रीत येऊन ती काढून टाकत नाही, सकाळी नवीन नियम निघून ती परत करावी लागत नाही. सकाळी उठून मी सुईवर लटकलेलं ते वीतभर कापड हातात घेऊन बघायचो, काल इथपर्यंत होतं, आज इथपर्यंत आलं. तिसरा खांब मास्लॅक म्हणतात तो, तो माझ्यापुरता असा इंचाइंचाने परत उभा राहिला.

इथे एक धोका आहे आणि तो खरा धोका आहे. ज्या स्वभावाने आपण कामात जळतो तोच स्वभाव घेऊन आपण लोकरीजवळ येतो. बघता बघता रोज किती ओळी झाल्या याची वही सुरू होते, इंटरनेटवर लोकांनी महिन्यात तीन स्वेटर केलेले दिसतात, आणि आपला स्कार्फ अजून संपत नाही याची लाज वाटायला लागते. त्यात भले हेतू असलेली माणसं भेटतात, "किती छान विणतोस, ऑर्डर घ्यायला लाग की, पेज काढ." मी ठाम नाही म्हटलं आणि अजूनही म्हणतो. ज्याला विकायचंय त्याने जरूर विकावं, ते मानाचं काम आहे, पण बर्नआऊटमधून उठणाऱ्या माणसाने निदान वर्षभर तरी डेडलाईन असलेलं काहीही विणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि शरीराचंही ऐकायला हवं, मनगट आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की सुया खाली ठेवायच्या, मधे मधे उठायचं, खांदे फिरवायचे. दुखत असताना रेटत राहायची सवय मोडण्यासाठीच तर हे सगळं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो. माझ्या वडिलांना काही वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला, डावी बाजू कमजोर झाली. चालतात काठी घेऊन, बोलणं छान आहे, पण डावा हात कोपरात वाकलेला राहतो, मूठ वळलेली असते, आणि तो हात त्यांना सतत गार लागतो. विकतचे स्वेटर घालताना रोज झगडा. बाही अरुंद, मुंढा म्हणजे काखेजवळ बाही जोडतात ती जागा वर, त्यात तो वाकलेला हात घालायचा म्हणजे आई एका बाजूने ओढणार आणि बाबा ओठ दाबून बसणार. मी हे रोज बघत होतो आणि बघत नव्हतो. पक्षाघाताचे पेशंट मी हॉस्पिटलमध्ये असंख्य बघितले आहेत, त्यांच्या घरच्यांना कागदपत्रं समजावली आहेत, आणि माझ्या घरातला माणूस स्वेटर घालताना कुठे अडकतो हे मला नीट सांगता आलं नसतं.

एक दिवस टेप घेऊन त्यांच्यासमोर बसलो. छाती, खांद्यापासून खांद्यापर्यंत, गळा, उंची. मग डावा हात. हात सरळ होत नाही तर बाहीची लांबी मोजायची कशी? टेप खांद्यावरून खाली आणला, कोपराच्या बाहेरच्या वळणावरून फिरवला आणि मनगटापर्यंत नेला. दंडाचा घेर घेतला, मग वळलेल्या मुठीचा घेर घेतला, कारण बाहीतून शेवटी ती मूठ जायची आहे, मनगटाच्या मापाची बाही उपयोगाची नाही. मूठ मोजताना बोटं जरा उघडून बघितली, तळहात घामट आणि गार होता. बाबा म्हणाले, "एवढं बारीक तर शिंप्याने पण कधी माप नाही घेतलं." मी त्यांच्या इतक्या जवळ इतका वेळ लहानपणानंतर बसलोच नव्हतो. उजव्या आणि डाव्या हाताची मापं वेगळी आली आणि मी ती वहीत वेगवेगळी लिहिली.

विणायची पद्धत निवडली ती गळ्यापासून खाली येणारी रॅगलन, समोरून उघडी. यात गोल सुईवर गळ्याचे टाके घालतात आणि चार तिरक्या रेषा ठरवतात, दोन पुढे, दोन मागे, आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवत जातात, म्हणजे एक ओळ सोडून एका ओळीला आठ टाके वाढतात आणि खांद्यांचा आकार आपोआप येतो. याचा मोठा फायदा म्हणजे विणता विणता अंगावर घालून बघता येतं. त्याआधी नमुना विणणं आलं. दहा सेंटिमीटरचा चौकोन, धुवून, वाळवून, त्यात किती टाके बसतात ते मोजायचं. बऱ्याच जणांना हे कंटाळवाणं वाटतं, पण हिशोब करून बघा: दहा सेंटिमीटरला २० टाके धरून शंभर सेंटिमीटर घेरासाठी २०० टाके घातले, आणि प्रत्यक्षात आपल्या हाताला १८च बसत असतील, तर घेर १११ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांनी माणूसच बदलतो.

डाव्या बाहीच्या बाजूला मी टाके जास्त वाढवले, मुंढा खोल घेतला. मुंढ्यापर्यंत आल्यावर टाके लांब धाग्यावर काढले आणि बाबांच्या खांद्यावर ते अर्धं स्वेटर ठेवलं. त्यांनी हात हलवून बघितला. "इथे ओढतंय," म्हणाले, आणि उजव्या हाताच्या बोटाने नेमकी जागा दाखवली, काखेच्या मागे, जिथे वाकलेल्या हाताचं वजन कापड खाली खेचत होतं. मी टाके परत सुईवर घेतले, तेवढ्या ओळी उसवल्या आणि मागच्या बाजूला अजून टाके वाढवले. परत घालून बघितलं. असं बरंच चाललं. पण त्यात एक गोष्ट झाली: बाबा सांगायला लागले. आजारपणानंतर ते "चालेल, ठीक आहे" एवढंच म्हणायचे, कुणाला त्रास नको म्हणून. आता ते म्हणत होते गळा थोडा वर हवा, खिसा उजवीकडे हवा आणि त्यात चष्मा मावला पाहिजे, बटणं मोठी हवीत कारण एका हाताने लावायची आहेत. चेन लावूया का विचारलं तर म्हणाले, "चेनचं खालचं टोक बसवायला दोन हात लागतात रे." हे मला सुचलंच नसतं.

नक्षी अजिबात घेतली नाही. दोन रंगांची नक्षी असली की आतल्या बाजूला मोकळे धागे राहतात आणि त्यात वळलेली बोटं अडकतात, जाळीच्या विणीतही तेच. म्हणून साधी भरीव वीण. बाहीला शिवण नाही, मनगटाला दोन सुलट दोन उलटची आवळणारी बॉर्डर नाही, नुसता सैल काठ. लोकर मशीनमध्ये धुता येईल अशी निवडली, कारण धुणार आई, आणि तिच्यावर हाताने धुवायचं अजून एक काम टाकायचं नव्हतं. लोकरच घेतली, कारण ती स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही, त्या घामट गार हाताला ते बरं.

घालताना ओटीतल्या मॅडमनी शिकवलेला नियम: कमजोर हात आधी बाहीत, चांगला हात नंतर, आणि काढताना उलट, चांगला हात आधी बाहेर, कमजोर हात शेवटी. कमजोर हात कधीही ओढायचा नाही, खांद्याला इजा होते. बाबांनी पहिल्यांदा स्वतःहून घातलं तेव्हा आई मदतीला उठली होती, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. डावी मूठ बाहीत सोडली, उजव्या हाताने बाही कोपरावरून वर घेतली, मागून फिरवली, उजवा हात घातला. मग बटणं. वेळ लागला. आम्ही दोघं काही न बोलता बघत होतो. खालून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि म्हणाले, "मफलर कुठंय?"

कामावर मी परत गेलो ते कमी तासांनी सुरुवात करून, आणि वरिष्ठांशी स्पष्ट बोलून की एका माणसाकडे किती केसेस याला मर्यादा हवी. थोडी मिळाली, पाहिजे तेवढी नाही. हे नीट लिहायला हवं कारण विणकामाचं कौतुक करता करता असं वाटायला नको की माणूस संध्याकाळी सुया घेऊन बसला की सकाळी त्याच्यावर दुप्पट काम टाकायला हरकत नाही. ताण कामाच्या जागी तयार होतो, तो तिथेच कमी व्हायला हवा. लोकरीने मला माझं लक्ष परत दिलं, ते परत जळू द्यायचं नसेल तर कामाच्या जागेलाही बदलावं लागेल, आणि त्यासाठी मी आता मीटिंगमध्ये बोलतो, पूर्वी बोलत नव्हतो.

टेबलाशी बसल्यावर एक फरक मात्र मला रोज जाणवतो. समोरचा माणूस बोलत असताना माझी नजर त्याच्या हातांकडे जाते. कुठला हात वापरतो, बटणं कुणी लावून दिलेली दिसतात, बाही कापून सैल केलीय का. मग मी विचारतो, घरी कपडे कोण घालून देतं? या एका प्रश्नावर माणसं इतकं बोलतात, इतकं बोलतात की मी फॉर्म बाजूला ठेवतो. पंचवीस वर्षांचा मुलगा सांगतो की आईला ब्लाऊज घालून द्यायला त्याला कसंतरी वाटतं आणि तिलाही. नवऱ्याची पँट रोज चढवणाऱ्या बाईची पाठ गेलेली असते. या गोष्टी कुठल्याच कॉलममध्ये नसतात.

ओटीतल्या मॅडमना मी बाबांचं स्वेटर दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते उलटं करून आतली बाजू तपासली, मुंढ्यात स्वतःची मूठ घालून बघितली, आणि विचारलं की याचं माप दुसऱ्या कुणासाठी बसवता येईल का. आता आम्ही दोघं मिळून ते लिहून काढतोय, टाक्यांचे आकडे न देता मापं घ्यायची पद्धत: वाकलेल्या कोपरावरून लांबी, मुठीचा घेर, कुठे ओढतंय हे माणसालाच विचारायचं. काकूंना दाखवलं तर त्यांनी पहिल्याच पानावर चूक काढली, की ज्याला विणता येत नाही त्याच्या घरच्यांनी काय करायचं, तयार स्वेटरची बाही उसवून मधे विणलेली पट्टी घालता येते तेही लिही ना. ते लिहिलं. ती पट्टी काखेपासून मनगटापर्यंत जाते, वर रुंद आणि खाली निमुळती, आणि ती आडवी ताणली जायला हवी म्हणून सगळ्या ओळी सुलट घेऊन ती बाहीच्या लांबीच्या दिशेने विणायची की आडवी, यावर काकूंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. दोन्ही नमुने विणून तयार आहेत. येत्या गुरुवारी उजवी बाजू कमजोर असलेल्या एक आजी विभागात येणार आहेत, त्यांना दोन्ही घालून बघायला सांगणार आहोत, आणि त्या म्हणतील ते लिहून घेणार आहोत.